कचेऱ्यांचे आयुष्य कोणी मोजावे?

जुन्या काळी राजाने कोणास इनाम किंवा वतन करून दिले म्हणजे सनदेत 'आचंद्रार्क' हा शब्द घालण्याची वहिवाट होती. जोवर आकाशात चंद्र आणि सूर्य आहेत तोवर हे तुझ्या वंशाकडे अव्याहत चालावे, हा त्याचा भावार्थ. शब्द मोठा भारदस्त खरा. पण चंद्रसूर्य होते तेथेच राहिले आणि वतने मात्र गेली. उलटपक्षी, अमेरिकेतील कित्येक राज्यांनी गेल्या पन्नास वर्षांत सरकारी कचेऱ्यांसंबंधी जे कायदे केले, त्यांस तेथील लोकांनी 'सूर्यास्ताचे कायदे' असे नाव दिले आहे. अमुक दिवशी ह्या कचेरीचा सूर्य मावळेल. तो मावळू नये असे वाटत असेल, तर लोकप्रतिनिधींनी सभेत बसून तसे कारणांसह सांगावे, असा त्यांचा मथितार्थ. आचंद्रार्क आणि सूर्यास्त ह्या दोन टोकांच्या मध्ये आपल्या महाराष्ट्रातील कचेऱ्यांची व्यवस्था कोठे बसते, आणि तीत आमच्या खानदेशाचे काय झाले, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात कचेऱ्यांचे पुराण कशाला, असे एखाद्या वाचक भगिनीस वाटेल. परंतु एकत्र कुटुंब चालविणाऱ्या गृहिणीइतका हा विषय दुसऱ्या कोणास समजेल असे आम्हांस वाटत नाही. दिवाळीपूर्वी माळा उतरविला म्हणजे काय काय निघते, ते तिला ठाऊक असते. मोडका पाळणा, झाकण नसलेली पेटी, कोणा आजेसासूबाईंच्या वेळची पितळी समई. पाळणा पुढील वर्षी उपयोगी पडेल म्हणून दुरुस्तीस जातो, पेटी मोडीत जाते, समई घासून देवघरात येते. तीनही वस्तू सारख्याच धुळीने माखलेल्या असतात. त्यांतील ठेवावयाचे काय आणि टाकावयाचे काय, हे खाली उतरवून पाहिल्याखेरीज कळत नाही. जो संसार माळा कधीच उतरवीत नाही तो अडगळीने भरतो. आणि जो न पाहता सगळेच मोडीत घालतो त्याची समईही जाते. राज्याच्या संसारास हाच नियम लागू आहे.

खानदेशातील जुनी उदाहरणे

कचेरी ही कोणी आकाशातून टाकलेली वस्तू नव्हे. ती विशिष्ट कामासाठी जन्मास येते. १८१८ साली खानदेशावर इंग्रजांचा अंमल बसला. त्यानंतर सातपुडा व सह्याद्री ह्या डोंगरांतील भिल्लांशी त्यांचा जो झगडा चालला, तो केवळ शस्त्राने मिटेना, म्हणून १८२५ साली भिल्ल एजन्सी नावाची निराळी व्यवस्था उभारण्यात आली. आउट्रम साहेबाने भिल्लांची पलटण उभारली, ती आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगावी. काम संपले, आणि पुढे ती एजन्सी व पलटणही राहिली नाही. अफाट पसरलेल्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले; त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे झाले; आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निराळा निघाला. सारांश, कचेऱ्या जन्मतात, दुभंगतात, मरतात. त्यात नवल काही नाही. प्रश्न एवढाच की, त्यांच्या जन्ममरणाचा विचार कोण करतो, आणि तो उघड्यावर करतो की बंद दाराआड.

ह्याची दोन परस्परविरुद्ध उदाहरणे आमच्या वाचकांच्या घराण्यांत परिचयाची असतील. पहिले इनाम कमिशनचे. १८५२ च्या अकराव्या कायद्याने ह्या कमिशनास अधिकार मिळाले आणि ज्यास सनद दाखविता आली नाही त्याच्या इनामावर गदा आली. तीही एक तपासणीच होती. पण विचारणारा परका, न्याय देणारा तोच आणि जप्तीचा लाभ घेणाराही तोच! अशा तपासणीने लोकांच्या मनात केवळ विष कालविले. दुसरे उदाहरण कुलकर्णी वतनाचे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या विधिमंडळाने १९५० साली परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा केला. गावचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरात होते त्या घरात हळहळ झाली असेल; तथापि तो कायदा लोकांनी निवडलेल्या सभेने केला, आणि वतनाची जमीन ठराविक रक्कम भरून वतनदारास परत मिळण्याची सोयही त्यात होती. १९६२ साली मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पदही कायद्यानेच गेले. त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जुन्या लोकल बोर्डांचा जमाना संपला. हे सर्व योग्य झाले की अयोग्य, ह्याविषयी मतभेद असू शकेल; परंतु कोणी केले आणि का केले, हे तरी सर्वांस माहीत आहे.

विकास मंडळांची कथा

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहिला त्याकडे वळू. १९५३ साली २८ सप्टेंबर रोजी नागपूर करार झाला, तेव्हापासून विदर्भ व मराठवाडा ह्या भागांस एकत्र राज्यात आपली उपेक्षा होईल अशी भीती होती. त्या भीतीवर उतारा म्हणून आपल्या राज्यघटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदात एक तरतूद आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र ह्या तीन भागांसाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापावी, विकासखर्चाच्या पैशाची न्याय्य वाटणी व्हावी, तंत्रशिक्षणाच्या व सरकारी नोकरीच्या संधी सर्वांस मिळाव्या, ही विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपविण्याचा अधिकार राष्ट्रपतींस आहे. त्याबरोबरच, प्रत्येक मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

तरतूद जुनी, पण मंडळे जन्मास येण्यास फार काळ लागला. १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य अशा एकेक बाबीत राज्याची सरासरी काढली आणि त्या सरासरीच्या मागे कोणता जिल्हा किती पडला आहे, ते मोजले. 'अनुशेष' हा शब्द तेव्हापासून घरोघरी झाला. एकंदर अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला; त्यांपैकी विदर्भाचा १,२४७, मराठवाड्याचा ७५१ आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९ कोटी. हा शेवटचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. ज्या भागास लोक सरसकट सुखवस्तू समजतात, त्याच्या पोटातही मराठवाड्याहून मोठा खड्डा होता! १९८४ च्या जुलै महिन्यात विधिमंडळाने मंडळे स्थापावी असा ठराव केला. आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १ मे १९९४ रोजी, तीन मंडळे पाच वर्षांच्या मुदतीने अस्तित्वात आली.

मंडळाचे काम सल्ल्याचे होते. आपल्या भागात कोठे काय उणे आहे ते अभ्यासावे, राज्यपालांस कळवावे. आणि राज्यपालांनी निधीच्या वाटणीसंबंधी सरकारास निदेश द्यावे. पुढे एका तज्ज्ञ समितीने १९९४ सालचा अनुशेष पुन्हा मोजला तेव्हा तो सुमारे १४,००७ कोटींवर गेला होता, आणि त्याच्या आधारे २००१ च्या अखेरीपासून राज्यपालांचे निदेश निघू लागले. मंडळांची मुदत संपत आली की ती वाढवून मिळे. पुन्हा संपत येई, पुन्हा वाढे. अशी सव्वीस वर्षे गेली. शेवटची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, ती वाढविली गेली नाही. त्या दिवसांत महामारीने सारा देश घरात कोंडलेला होता. मंडळांसाठी खानदेशात कोण शोक करणार? २०२२ च्या २७ सप्टेंबरला राज्याच्या मंत्रिमंडळाने तीनही मंडळांचे पुनर्गठन करण्यासाठी केंद्रास विनंती करण्याचे ठरविले; परंतु ठरविण्यास जेवढा वेळ लागला त्याहून पुष्कळ अधिक वेळ पुढे नुसत्या प्रतीक्षेत गेला.

ह्या कथेत आम्हांस सलते ते मंडळांचे जाणे नव्हे. ती जाणे कदाचित योग्यही असेल. सलते ते हे की, वाढविताना 'ह्यांनी काय केले?' असे सभागृहाने मत देऊन ठरविले नाही, आणि जाऊ देतानाही ठरविले नाही. घटनेची रचनाच अशी की अहवाल विधानसभेपुढे येणार, पण मंडळाचे आयुष्य राष्ट्रपती व राज्यपाल ह्यांच्या आज्ञांवर अवलंबून राहणार. ज्या सभेने हिशेब ऐकावयाचा तिच्या हाती दोरी नाही. आणि दोरी ज्यांच्या हाती, ते मतदारांपुढे उभे राहत नाहीत. अहवाल सभागृहाच्या मेजावर ठेवणे आणि तो वाचून त्यावर निर्णय करणे ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत. शाळेत आम्ही मुलांस सांगत असू की, प्रगतिपुस्तकावर पालकांची सही आणा. सही सर्वांची येई. पण पुस्तक उघडून पाहणारे पालक कोणते, हे पुढच्या सहामाहीत आपोआप कळत असे.

खानदेशाची गोष्ट तर आणखीच निराळी. आमचे तीनही जिल्हे ज्या मंडळात पडले त्याचे नावच 'उर्वरित महाराष्ट्र'. पंगत उठल्यावर जे उरते ते उर्वरित! ह्या एका शब्दाखाली मुंबई आली, पुणे आले, कोकण आले आणि नंदुरबारही आले. २०१२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात राज्यातील सर्वांत वरचा क्रमांक मुंबईचा होता आणि सर्वांत खालचा नंदुरबारचा. म्हणजे राज्यातील अव्वल आणि अखेरचा अशी दोन्ही मुले एकाच बाकावर बसविली, आणि बाकाची सरासरी काढून दोघांचीही प्रगती ठीक असल्याचा शेरा मारला, असाच हा प्रकार झाला. दांडेकर समितीने जिल्हा हे माप धरले होते. २०११ साली नेमलेल्या विजय केळकर समितीने आणखी खाली, तालुक्याकडे, दृष्टी वळविली. माप लहान करीत जावे तेव्हाच दुःख दिसते, हे दोघांसही उमगले होते. मंडळाची रचना मात्र होती तशीच राहिली. दर पाच वर्षांनी सभागृहात खरी विचारणा झाली असती, तर 'अक्कलकुवा आणि मुंबई ह्यांना एकच मंडळ कसे?' हा प्रश्न कोणी ना कोणी आमदाराने उभे राहून विचारलाच असता.

स्वतंत्र संस्था लाभली म्हणजे काय होते, हेही खानदेशाने पाहिले आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, ज्यास २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचे नाव आहे. त्यापूर्वी येथील महाविद्यालये पुण्याच्या विद्यापीठास जोडलेली होती, आणि एखाद्या गुणपत्रकातील चुकीसाठीही पुण्याची वाट धरावी लागे. तेव्हा आम्ही नव्या संस्थांचे वैरी नाही. ज्या संस्थेचा उपयोग दिसतो तिचे आयुष्य मोजावयास कोणी भीत नाही.

सूर्यास्ताचा कायदा

आता समुद्रापलीकडे जाऊन पाहू. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने १९७६ साली असा पहिला कायदा केला आणि थोड्याच वर्षांत तिसाहून अधिक राज्यांनी तो उचलला. पैकी काहींनी तो पुढे गुंडाळून ठेवला. कारण तपासणी ही कष्टाची गोष्ट आहे. टेक्सस राज्याने मात्र १९७७ पासून ती नेटाने चालविली आहे. तेथे बारा जणांचा एक आयोग आहे: दहा लोकप्रतिनिधी आणि दोन सामान्य नागरिक. बहुतेक कचेऱ्यांची पाळी साधारण बारा वर्षांनी येते. प्रथम कचेरीने स्वतःचा पाढा स्वतः लिहून द्यावयाचा. मग आयोगाच्या कारकुनांनी तो तपासावयाचा. मग उघड सभेत नागरिकांनी येऊन बोलावयाचे. आणि शेवटी विधिमंडळाने कायदा करून त्या कचेरीस नवे आयुष्य द्यावयाचे. कायदा झाला नाही, तर आवराआवरीस एक वर्ष देऊन ती कचेरी बंद.

ह्या पद्धतीतही खाचखळगे आहेत, ते झाकून ठेवू नयेत. २०१७ साली डॉक्टरांस परवाना देणाऱ्या तेथील मंडळाचे विधेयक अधिवेशनात अडकून पडले, आणि केवळ असली अडलेली कामे मार्गी लावण्यासाठी खास अधिवेशन भरवावे लागले. २०१९ साली तर नळकारागिरांस परवाना देणाऱ्या मंडळाचे आयुष्यच संपले. तेव्हा गव्हर्नरास आपल्या हुकुमाने ते २०२१ पर्यंत तगवावे लागले. घरात नळ फुटला असता परवाना असलेला कारागीर मिळतो की नाही, ह्याचा संबंध असा थेट विधानसभेशी जडला! ह्यावरून बोध असा की, मुदत ही विचारास भाग पाडण्यासाठी असावी, गळा दाबण्यासाठी नसावी.

आपल्याकडे काय आहे, काय हवे

आपल्याकडे तपासणीची साधने नाहीत असे मुळीच नाही. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या वेळी प्रत्येक खात्याच्या खर्चाची मागणी विधानसभेने मंजूर करावी लागते. कपात सूचना देऊन कोणताही सभासद कोणत्याही कचेरीविषयी जाब मागू शकतो. लोकलेखा समिती आहे, अंदाज समिती आहे, सार्वजनिक उपक्रम समिती आहे. जिल्हा परिषदा तपासणारी पंचायती राज समिती जिल्ह्यात आली की परिषदेत कशी धांदल उडते, हे जळगाव-धुळ्यात सर्वांस ठाऊक आहे. पण मागण्यांच्या चर्चेसाठी ठरविलेल्या शेवटच्या दिवशी उरलेल्या साऱ्या मागण्या चर्चेवाचून एकदम मंजूर होतात, आणि समित्या पाहतात ते मुख्यतः पैसा कसा खर्चला हे. ही कचेरी असावी काय, हा मूळ प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाही. सरकारी खात्यांत 'अस्थायी' म्हणून निर्माण झालेली पदे पाहा. त्यांस ठराविक काळाने मुदतवाढीचा शासननिर्णय निघतो आणि असे वर्षानुवर्षे चालते. नावाने अस्थायी, वर्तनाने आचंद्रार्क! माणूस त्याच पदावरून सेवानिवृत्त होतो, तरी पद अस्थायीच. ह्यास तपासणी म्हणावयाचे तर पंचांगातील एकादशीसही उपवास म्हणावे लागेल.

ह्याविरुद्ध, तपासणी कशी असावी ह्याचा एक नमुना आमच्या धुळे जिल्ह्यातच आहे. पांझरा नदीवर शेकडो वर्षांपूर्वीचे बंधारे आहेत आणि त्यांखाली 'फड' नावाची पाणीवाटपाची पद्धत चालत आली. भिजणाऱ्या जमिनीचे मोठमोठे फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक, आणि कोणत्या फडात कोणते पीक हे शेतकऱ्यांनीच एकत्र बसून ठरवावयाचे. पाणी देण्यास पाटकरी, देखरेखीस हवालदार, राखणीस जागल्या. आणि त्यांचा मोबदला ज्यांची शेते भिजतात तेच शेतकरी देत. तेथे पाटकऱ्याचा अहवाल कागदावर लिहावा लागत नव्हता. शेवटच्या शेतास पाणी पोचले की नाही, हाच त्याचा अहवाल. मोबदला देणारा, काम पाहणारा आणि जाब विचारणारा एकच असल्यामुळे ती व्यवस्था शतके टिकली. आज तापी पाटबंधारे विकास महामंडळाची कचेरी जळगावी आहे आणि अमळनेरजवळील पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्प दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळला. कोणाचा दोष किती, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु शेवटच्या शेताची कसोटी तेथे लावून पाहण्यास हरकत कोणती?

तेव्हा आमच्या अल्पमतीप्रमाणे, प्रत्येक कचेरीस, मंडळास आणि महामंडळास दहा-बारा वर्षांनी एकदा विधिमंडळापुढे चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागावी. जे काम करण्यासाठी तुझा जन्म झाला ते काम अजून उरले आहे काय? त्यांपैकी तू किती केलेस? तेच काम दुसरी कोणी करीत आहे काय? आणि उद्या तू नसलीस तर कोणाचे अडेल? ही सुनावणी केवळ मुंबईत व नागपुरात होऊ नये. जिच्याशी ज्यांचा संबंध, त्यांच्या गावी व्हावी. विकास मंडळे पुन्हा स्थापावयाची असतील, तर त्यांच्याही बाबतीत आधी हे प्रश्न विधानसभेत विचारले जावे आणि खानदेश 'उर्वरित' का, ह्याचे उत्तर मिळावे.

ह्यावर दोन आक्षेप येतील. एक असा की, नोकरदार मंडळींच्या पोटावर पाय येईल. पण कचेरी गेली म्हणजे माणसे रस्त्यावर टाकावी असा ह्याचा अर्थ नव्हे. जिल्हा लोकल बोर्डे गेली तेव्हा त्यांचे काम जिल्हा परिषदांकडे आले, आणि काम आले म्हणजे काम करणारेही लागतातच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुबळ्यांच्या उपयोगाच्या कचेऱ्यांस कैवारी थोडे असतात. तळोदे किंवा यावल येथील आदिवासी विकास प्रकल्पाच्या कचेरीसाठी बोलावयास मुंबईत किती जण येतील? काटकसरीच्या नावाखाली पहिली कुऱ्हाड अशाच ठिकाणी पडण्याचे भय असते. हे भय खरे आहे, आणि म्हणूनच चौथा प्रश्न आम्ही घातला. कोणाचे अडेल, हे विचारल्यावाचून कोणाचाही सूर्य मावळता कामा नये.

राहता राहिली वाचकांची कामगिरी. मत देऊन आल्यावर बोटावरची शाई वाळेपर्यंतच आपले नागरिकत्व टिकते, असे समजू नये. आपल्या आमदारांस दोन ओळींचे पत्र लिहून, ३० एप्रिल २०२० नंतर खानदेशाचा अनुशेष कोण मोजतो, एवढे विचारावे. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी ते पत्र लिहावे, वडीलधाऱ्यांनी त्यावर सही करावी, आणि उत्तर आले म्हणजे ते जेवणाच्या पंगतीत सर्वांस वाचून दाखवावे. उत्तर न आल्यास पुन्हा लिहावे. दोन ओळी लिहिण्यास फार वेळ लागत नाही. आणि मतदाराच्या अशा एका पत्रावरूनही सभागृहात एखादा प्रश्न उभा राहू शकतो.